फुंकणीचा उपास

पडद्यावर तीन ओळी उमटल्या होत्या.

उपवास: पाळलेला नाही.
गेल्या चोवीस तासांतला आहार: बहुधा मांसाहारी.
खात्री: चौऱ्याण्णव टक्के.

ऋतुराज निकमनं त्या वाचल्या, डोळे चोळले आणि पुन्हा वाचल्या. नळी बदलली, यंत्राचं तोंड पुसलं आणि पिशवीत उरलेला तोच श्वास पुन्हा तपासायला लावला. खात्री शहाण्णव टक्के झाली.

काचेपलीकडे बाकावर त्याची सासू बसली होती. त्रिशला मगदूम, वय सहासष्ट, राहणार समडोळी. या बाईनं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. जमिनीखाली वाढतो म्हणून बटाटासुद्धा तिच्या घरात येत नसे. भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चालू होतं. काल अष्टमी होती आणि जैनांच्या रिवाजाप्रमाणे तिनं काल उपवास केला होता, म्हणजे दिवसभरात दोनच वेळा, उकळून गार केलेलं पाणी आणि बाकी काही नाही. परवा सूर्य मावळायच्या आत जेवलेली ती बाई आज सकाळी थेट इथं फुंकर मारायला आली होती. आणि यंत्र म्हणत होतं की बाईनं काल मटण खाल्लंय.

दुसऱ्या कुणाची सासू असती तर ऋतुराज पोट धरून हसला असता. आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण या एका फुंकरीवर त्याच्या बायकोचं आतडं अवलंबून होतं.

ऋतुराजच्या कंपनीनं यंत्राला लांबलचक नाव ठेवलं होतं, पण सांगली-मिरजेकडं सगळे त्याला फुंकणी म्हणत. घरातल्या चुली जाऊन जमाना झाला, फुंकणी हा शब्द मात्र दवाखान्यात येऊन राहिला. तिचं शास्त्र तसं सोपं. माणसाच्या शरीरातली एकही पेशी हायड्रोजन तयार करत नाही. श्वासात तो सापडला तर तो आतड्यातल्या जिवाणूंनीच केलेला. न पचलेलं अन्न ते आंबवतात, त्यातून निघालेला वायू रक्तात उतरतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून रिकाम्या पोटी न पचणाऱ्या साखरेचा घोट द्यायचा आणि दर पंधरा मिनिटांनी फुंकायला लावायचं. वायू लगेच वाढला तर जिवाणू नको तिथं, लहान आतड्यात, ठाण मांडून बसलेत असं समजायचं. दीड-पावणेदोन तासांनी वाढला तर ते आपल्या घरी, मोठ्या आतड्यात, सुखात आहेत. ही चाचणी जुनीच. फुंकणीनं तिच्यात भर घातली ती अशी, की ती एका दमात दोनशे वायू हुंगते, साठवलेल्या अकरा हजार श्वासांशी ताडून बघते आणि माणूस उपाशी आलाय की नाही ते आधीच सांगते. नसेल आला, तर साखरेच्या घोटाची झडपच उघडत नाही.

चंदना, ऋतुराजची बायको, याच अन्नमय पचनविकार केंद्रात तिसऱ्या मजल्यावर होती. चैत्रात तिला न्यूमोनिया झाला. तगडी औषधं द्यावी लागली आणि त्यांनी वाईटाबरोबर पोटातले चांगले जिवाणूही मारले. मोकळ्या झालेल्या जागेत एक चिवट, विखारी जिवाणू शिरला तो हलेना. पाच महिन्यांत तिचं अकरा किलो वजन गेलं. अशा वेळी निरोगी माणसाच्या आतड्यातले जिवाणू कॅप्सूलमध्ये भरून रुग्णाला गिळायला देतात. परिचारिका त्याला विरजण म्हणत, आणि त्याहून चांगला शब्द कुणाला सुचला नव्हता. चंदनाला सार्वजनिक साठ्यातलं विरजण दोनदा दिलं, दोन्ही वेळा लागलं नाही. ऋतुराजचं विरजण तिच्याशी जुळलं नाही. बाळ आपले पहिले जिवाणू आईकडून घेतं, म्हणून आता आईचंच विरजण उरलं होतं. ते मिळालं नाही तर सोमवारी मोठं आतडं काढायचं आणि जन्मभर पोटाला पिशवी लावायची, असं ठरलं होतं. आज बुधवार होता. विरजण देणाऱ्या दात्याला आधी फुंकणीची चाचणी पास व्हावी लागे, आणि त्यानं खोटी माहिती दिल्याचं यंत्रानं दोनदा नोंदवलं की दात्याचं नाव कायमचं बाद होई. त्रिशलाबाईंच्या नावापुढं एक फुली आत्ताच पडली होती.

ऋतुराज बाहेर आला.

"आई, काल काही खाल्लं होतं का? चुकून?"

"उपवास व्हता न्हवं."

"हो, पण चुकून. कुणाच्या घरी, कशात काही घातलेलं..."

"उपवासाच्या दिवशी मी कुणाच्या घरला कशाला जाऊ, पाव्हणं?"

इथं त्यानं थांबायला हवं होतं. पण फुंकणी म्हणजे त्याचं लेकरू. तिच्यासाठी गावोगाव हिंडून श्वास गोळा केले ते त्यानं. स्वतःच्या डोळ्यांवर नसेल एवढा त्याचा तिच्यावर भरवसा होता.

"यंत्र मांसाहार म्हणतंय," तो म्हणाला. "रस्सा, सूप, असं काही. एखाद्या टॉनिकात असेल. तुम्ही आठवून बघा."

बाकावरच्या दुसऱ्या दोन बायकांनी माना वळवल्या. त्रिशलाबाईंनी पदर सारखा केला, पिशवी उचलली, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आता पाणी पिऊ काय? झालं न्हवं तुमचं काम?"

"हो."

"चंदनाला ह्ये सांगू नगासा. तिला सोसायचं न्हाई."

असं म्हणून त्या समडोळीच्या बसकडे चालू लागल्या.

न सांगून काय होतंय? दवाखान्याच्या भिंतींना कान असतात आणि परिचारिकांना तोंडं. दुपारी ऋतुराज वर गेला तेव्हा चंदना उशीला टेकून त्याचीच वाट बघत होती. गालांची हाडं वर आलेली, डोळे मात्र पूर्वीचेच, समोरच्याला सोलून काढणारे.

"तू आईला मटणाचं विचारलंस?"

"अगं, यंत्रानं..."

"मी नववीत असताना आईला टायफॉइड झाला होता. डॉक्टर म्हणाले, अंडं खा, नाहीतर उठायची नाहीस. आईनं डॉक्टर बदलला. आणि तू तिला चारचौघांत विचारलंस, रस्सा प्यायलात का म्हणून."

"मग यंत्र खोटं बोलतंय का?"

"मग आई खोटं बोलतेय का?"

कुठलंही उत्तर दिलं तरी संसार मोडला असता. ऋतुराज खिडकीपाशी गेला, परत आला, सलाईनची नळी उगाच तपासली. चंदनानं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती रडत होती की दमली होती हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून त्याचं बूड एका जागी ठरेना. यंत्राचे सगळे भाग त्यानं उघडून बघितले. नळ्या बदलल्या, स्वच्छ हवेवर आकडे शून्यावर आणले. यंत्रात खोट नव्हती. खोट नव्हती म्हणजे सासू खोटारडी. या विचारानं त्याला स्वतःचीच शिसारी येई, आणि पाच मिनिटांनी तोच विचार पुन्हा डोकं वर काढी.

गुरुवारी दुपारी केंद्राच्या प्रमुख डॉक्टर शबाना मणेर यांनी त्याला बळंच कॅन्टीनला नेलं. दारावर पाटी होती: आज गुरुवार, उपासाची थाळी मिळेल. चंदना आजारी पडल्यापासून ऋतुराज गुरुवार धरायचा. त्यानं थाळी घेतली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, दोन केळी.

मॅडमनी आपली पोळी-भाजी पुढं ओढली आणि त्याच्या ताटाकडे पाहिलं.

"उपास आहे ना तुझा?"

"हो. गुरुवार."

"मग हे कुणाला आणलंस?"

"उपासाचंच आहे, मॅडम."

"मी पंचवीस वर्षं तुम्हा लोकांत काढली, पण हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. उपासाला काय खाता, असं तुम्ही एकमेकांना विचारता. रोज्याला काय खाता, असं आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही त्याला वेड्यात काढू."

ऋतुराज कसनुसं हसला. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण त्यानं लहानपणापासून ऐकली होती आणि दर एकादशीला ती खरी करून दाखवली होती. त्यानं खिचडीचा घास उचलला, आणि तो तोंडापर्यंत गेलाच नाही.

"मॅडम, माझ्याबरोबर वर चला."

"जेव तर आधी."

"जेवतोच आहे," असं म्हणून त्यानं उभ्या उभ्या ते सगळं ताट संपवलं. केळ्यांसकट. मॅडमना वाटलं, बायकोच्या काळजीनं याचं डोकं फिरलं. तासभर त्यानं व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, मग फुंकणीची नवी नळी लावली आणि दम रोखून फुंकर मारली.

उपवास: पाळलेला.
खात्री: सत्त्याण्णव टक्के.

डॉक्टर मणेर आधी खो खो हसल्या. मग त्यांचं हसू एकदम थांबलं, कारण ऋतुराज खुर्चीत बसला होता आणि पडद्यावरून नजर काढत नव्हता.

त्याला सगळं आठवलं होतं. आठ वर्षांपूर्वी फुंकणीला शिकवायचं होतं तेव्हा हजारो उपाशी लोकांचे श्वास हवे होते. कामाच्या दिवशी माणूस उपाशी राहणार कसा? तेव्हा सव्वीस वर्षांच्या ऋतुराजनं नामी शक्कल काढली. शिबिरं उपासाच्या दिवशी ठेवायची. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, संकष्टी. लोक आपोआप उपाशी येतील. आणि आलेही, रांगा लावून. अर्जावर प्रश्न होता, उपवास आहे का? प्रत्येकानं छातीठोकपणे हो म्हटलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. घरून साबुदाणा खाऊन आलेले, वाटेत केळी घेतलेले. एका शिबिरात तर संयोजकांनी फराळाचे द्रोण वाटले होते आणि ऋतुराजनं दोन द्रोण संपवून पुढच्या माणसाच्या नावापुढं खूण केली होती, उपाशी. त्या शकलेबद्दल कंपनीनं त्याचा सत्कार केला होता. नारळ अजून घरी आहे असं नाही, पण शाल आहे.

जेवलेल्या लोकांचे नमुने त्यानं घेतले ते तालमीतून आणि जिममधून, कारण तिथली पोरं ठरल्या वेळी खातात. भात-भाकरी सोडून नुसती अंडी आणि मटण. पोटात पीठ गेलं नाही की शरीर चरबी जाळायला लागतं आणि श्वासात अॅसिटोन येतो, नखांचा रंग पुसायच्या पाण्याला येतो तोच वास. दीड दिवस खरोखर उपाशी राहिलेल्या माणसाच्या श्वासातही तोच येतो. आंबवायला काही नाही म्हणून हायड्रोजन नाही, आणि चरबी जळते म्हणून अॅसिटोन. फुंकणीनं असा श्वास एकाच ठिकाणी पाहिला होता, मटण खाणाऱ्या पैलवानांत. बिचारीला जे शिकवलं ते ती शिकली.

"पण मग आठ वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"रात्री जेवून सकाळी आलेले लोक पास होतात. रात्रीच्या भाकरीचा, उसळीचा वायू थोडा तरी उरलेला असतो. जे पार रिकामे असतात तेच अडकतात. त्यांना आम्ही काय सांगतो? जा, आणि पुढच्या खेपेला नीट उपास धरून या." त्यानं नळी काढून ठेवली. "मग ते खिचडी खाऊन येतात आणि पास होतात."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही जुन्या पद्धतीनं घ्या ना आईंची चाचणी. हातानं."

"यंत्र चालू आहे तोवर मला त्याला डावलता येत नाही, तुला माहितीये. यंत्र सदोष आहे असं लेखी जाहीर झालं तर त्या मिनिटापासून घेता येईल. आणि ते जाहीर करू शकतो तो, ज्यानं नमुन्यांच्या दाखल्यावर सही केली. त्यात लिहिलंय, उपाशी गटातले सर्व नमुने उपाशीपोटी घेतलेले आहेत. सही कुणाची आहे?"

सही ऋतुराजचीच होती. त्यानं ती मागं घेतली की अकरा जिल्ह्यांतल्या फुंकण्या त्याच दिवशी बंद पडणार, नोकरी जाणार, चौकशी बसणार. पोटाच्या यंत्रांखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. मॅडम दार लोटून निघून गेल्या.

माणूस कोंडीत सापडला की त्याला आधी पळवाट दिसते, आणि ऋतुराज काही संत नव्हता. शुक्रवारी सकाळी तो समडोळीच्या बिनचालकाच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याच्या मांडीवर एक डबा होता. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. सासूनं दोन घास खायचे, फुंकणी तिला उपाशी म्हणेल, झडप उघडेल. सही जागच्या जागी राहील. चंदनाचं आतडं वाचेल, आपली नोकरी वाचेल. उसावर फवारणीचे ड्रोन घिरट्या घालत होते. तो सारखा डब्याचं झाकण घट्ट करत होता.

त्रिशलाबाई सोप्यात बसून ताक घुसळत होत्या. त्यांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं. बुधवारचा विषय काढला नाही. ऋतुराजनं मात्र सगळं सांगितलं, शिबिरांपासून डब्यापर्यंत. सांगताना त्यानं मान वर केली नाही.

"माफ करा मला, आई. मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"त्ये ऱ्हाऊ द्या. ह्यो डबा मला खायाला आणलाय व्हय?"

"हो."

"खाते की. लेकीपरास माझा उपवास मोठा न्हाई. आज पर्वातला नेम मोडला तरी चालंल." त्यांनी डबा जवळ ओढला, आणि झाकणावर हात ठेवून थांबल्या. "पर मला एक सांगा. मी ह्ये खाल्लं, तुमचं यंत्र फसलं. मग पुढं साखर पिऊन जे फुंकायचं, त्यात माझ्या पोटातलं खरं त्येच कळंल न्हवं?"

ऋतुराजनं डब्याकडे पाहिलं. ते कळणार नव्हतं. साबुदाण्याचा वायू आणि साखरेचा वायू एकमेकांत मिसळणार. सासूच्या पोटात काही दुखणं असलं तर ते खिचडीखाली झाकलं जाऊन सरळ चंदनाच्या पोटात जाणार. हे त्याला बसमध्येही माहीत होतं. त्यानं त्याकडे काणाडोळा केला होता.

"न्हाई कळायचं," त्रिशलाबाईच म्हणाल्या. "मी वीस वर्सं डेअरीत सेक्रेटरी व्हते, पाव्हणं. एकदा फॅटचं मशीन बिघडलं. चांगल्या म्हशीचं दूध पाणीदार दाखवायला लागलं. केरबाच्या दुधात सा म्हैने आम्ही पाणी काढलं. तो देवाची आण घेऊन सांगायचा, कुणी ऐकलं न्हाई. मशीन दुरुस्त करणारा आला तवा कळलं. म्यानेजर म्हणाला, गप ऱ्हावा, डेअरीचं नाव जाईल. मी केरबाच्या घरला गेले आणि त्याच्या बायकोम्होरं सांगितलं, चूक आमची व्हती."

"मग?"

"मग काय? म्यानेजर माझ्याशी बोलंना झाला. त्याच्या न बोलण्यानं माझं काय अडलं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावून तो त्याच्याकडे सरकवला. "उद्या मी येते. आज दुपारपासनं काय खात न्हाई. तुम्ही तुमची सही मागं घ्या."

दुपारी बाराला ऋतुराजनं सही मागं घेतली. दोन वाजता दाता-नोंदणी मंडळाचा फोन आला, अडीचला कंपनीचा, तीनला कंपनीच्या वकिलाचा. चारच्या सुमारास अकरा जिल्ह्यांतल्या फुंकण्यांचे पडदे काळे झाले, आणि सव्वाचारला ऋतुराजला निलंबनाची चिठ्ठी मिळाली. त्याला गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवावं लागलं. पण गेले दोन दिवस जो किडा डोकं पोखरत होता तो थांबला होता, हेही खरं.

शनिवारी सकाळी डॉक्टर मणेर यांनी अडगळीतून जुनं मीटर काढलं. जेवणाच्या डब्याएवढं, एकच आकडा दाखवणारं. निलंबित माणसाला चाचणीच्या खोलीत येता येत नव्हतं, म्हणून ऋतुराज दाराबाहेर उभा राहिला. त्रिशलाबाईंनी पिशवीत पहिली फुंकर मारली. मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला. "तीन."

तीन म्हणजे रिकामं पोट. त्याहून रिकामं फारसं नसतं.

मग साखरेचा घोट. पंधरा मिनिटांनी चार. अर्ध्या तासानं तीन. पाऊण तासानं पाच, आणि ऋतुराजनं दाराला कान लावला. पाचवरून आत्ताच चढायला लागलं तर जिवाणू नको तिथं आहेत, म्हणजे विरजण नापास, म्हणजे सोमवार. तासाला पुन्हा चार. तो जिन्यापर्यंत जाई, परत येई. सव्वा तास, चार. दीड तास, सहा. त्रिशलाबाई आत भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. पावणेदोन तासांनी मॅडम म्हणाल्या, "एकवीस." दोन तासांना अडतीस. तीन तासांच्या शेवटी त्यांनी सगळे आकडे वहीत जोडले, रक्ताचे नि इतर अहवाल शेजारी ठेवून पुन्हा पाहिले, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "सहासष्टाव्या वर्षी असं पोट मी बघितलं नाही. उद्या देऊ विरजण."

सोमवारी शस्त्रक्रिया झाली नाही. मंगळवारी चंदनाचा ताप उतरला. पुढच्या शुक्रवारी तिनं मऊ भाताचे चार घास खाल्ले आणि ते पोटात राहिले. विरजण लागलं होतं. ऋतुराज तिच्या उशाशी बसला होता. निलंबनापासून त्याला वेळच वेळ होता.

"आईची माफी मागितलीस?" तिनं विचारलं.

"मागितली. त्या म्हणाल्या, राहू द्या."

"ती म्हणणारच. तिला माझ्यासमोर म्हणू दे, मग मी राहू देईन." तिनं त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि पाचवा घास स्वतः घेतला.

त्रिशलाबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, माझ्यासारखं त्या यंत्रानं आणि किती जणांना खोटं पाडलं?"

ऋतुराजनं तो आकडा काढून ठेवला होता. जुन्या नोंदी मंडळाकडे सोपवण्याआधी त्यानं त्या चाळल्या होत्या. "चारशे बारा."

"त्यास्नी कुणी सांगितलं?"

"मंडळ पत्रं पाठवणार आहे. चौकशी झाल्यावर."

"म्हंजे कवा?"

त्यानं खांदे उडवले. थोड्या वेळानं ऋतुराज उठला, व्हरांड्यात गेला आणि यादीतला पहिला नंबर लावला.

सारिका गडदे, कवठेमहांकाळ. तीन वर्षांपूर्वी भावासाठी विरजण द्यायला आलेली. उपवास पाळलेला नाही, बहुधा मांसाहारी. दोन्ही खेपांना तेच, मग नाव बाद.

पलीकडच्या बाईनं त्याचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं.

"मी सांगत होते हो," ती शेवटी म्हणाली. "भाऊ असा पडलेला, दोन दोन दिवस माझी अन्नावरची वासना उडाली होती. चहासुद्धा जात नव्हता. तुमच्या माणसानं माझ्या वहिनीसमोर वाचून दाखवलं, मटण म्हणून. वहिनी म्हणाली, द्यायचं नव्हतं म्हणून मुद्दाम खाऊन आली."

"भाऊ कसे आहेत?"

"आतडं काढलं. पिशवी लावलीय. त्याच्या घरचं दुसऱ्या कुणाच्या तोंडूनच कळतं. दर वर्षी राखी पाठवते, परत येते. तुम्ही हे वहिनीला सांगाल का? माझं ती ऐकायची नाही. मी नंबर देते."

ऋतुराजनं नंबर हातावर लिहून घेतला. मग तो लावला. फोन एका बाईनं उचलला. मागं टीव्ही चालू होता. त्यानं आपलं नाव सांगितलं, कशाबद्दल बोलतोय ते सांगितलं, आणि मग अडखळला, कारण शास्त्र समजावून सांगायला घेतलं तर ती फोन ठेवून देईल असं त्याला वाटलं.

"त्या दिवशी तुमच्या नणंदेनं काही खाल्लं नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "खाल्लं होतं ते आम्ही."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"परत सांगा," ती म्हणाली. "स्पीकरवर टाकते. यांनाही ऐकू दे."

ऋतुराजनं परत सांगितलं.